‘ह्यायचं’ नावाचा व्हॉल्यूम

आधीच सांगते, या ग्रुपवर मी चार वर्षं नुसती वाचत आलेय आणि तुमच्या निम्म्या भुताटकीच्या अनुभवांना मनातल्या मनात हसलेय. माझं कामच तसं आहे. आदिलाबादला सर्व्हर आणि डिस्क दुरुस्त करते, बावीस वर्षं झाली. रोज कोणाची तरी डिस्क मरते आणि रोज कोणीतरी म्हणतं, "आपोआप झालं हो..." आपोआप काही होत नाही. कोणीतरी कुठंतरी बटण दाबलेलं असतं. हे वाक्य बोलून बोलून मला शीण आलाय. आणि आज मीच लिहायला बसलेय. हसा खुशाल.

जनार्दनमामा माझे सख्खे मामा. बेल्याला बसस्टँडजवळ त्यांचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग मामा करायचे आणि आत बसून मिक्सिंग करायची मामी. शिक्षण सातवी, पण कॉम्प्युटरवर तिचा हात माझ्यापेक्षा जास्त चालायचा. तिचं मशीन मीच बसवून दिलं होतं. दोन मोठ्या डिस्क जोडून त्यांची एकच जागा केलेली — तिला लॉजिकल व्हॉल्यूम म्हणतात. कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर कुठून कुठवर, याचा छोटासा मजकूर प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला असतो. तो मेटाडेटा.

या व्हॉल्यूमला नाव द्यावं लागतं. मी सहज ‘जनार्दन’ टाइप केलं, तर मामीनं माझा हातच धरला.

"ते नको टाकू माय. रोज मलेच टायपा लागीन."

मामीनं उभ्या जन्मात मामांचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारलं की मागच्या बाईला सांगायला लावायची. हळदीकुंकवात उखाणा घ्यायची वेळ आली की ही स्वयंपाकघरात, असं आई सांगते. शेवटी तिनंच सुचवलं — ‘ह्यायचं’, म्हणजे ह्यांचं. मी इंग्रजी अक्षरांत तेच टाकलं आणि पोट धरून हसले. मग तिनं हळूच विचारलं, नंतर बदलता येते का? येते मामी, म्हटलं, कधीपण, एका ओळीची कमांड आहे. तिनं ती वहीत उतरवून घेतली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मामी गेली. तेराव्यानंतर मामांनी मशीन भंगारात दिलं, फक्त या दोन डिस्क काढून फडक्यात गुंडाळल्या आणि लोखंडी कपाटात ठेवल्या. किल्ली त्यांच्या जानव्याला.

यंदा मार्चमध्ये त्यांचा फोन आला.

"आवाज इसरून राह्यलो पोरी मी तिचा."

त्या डिस्कवर शेकडो लग्नं होती, पण मामी एकाच क्लिपमध्ये. माइक तपासताना चार मिनिटं बोललेली, तेवढीच. ती ऐकायला म्हणून मामा डिस्क घेऊन ओळखीच्या दुकानात गेले. तिथल्या विंडोजला या लिनक्सच्या डिस्क काही कळल्या नाहीत. स्क्रीनवर प्रश्न आला, डिस्क इनिशिअलाइझ, म्हणजे नव्यानं तयार, करू का? मामांनी ओके दाबलं. दोन्हींना.

"त्यानं इचारलं, मी हो म्हटलं," मामा म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन बेल्याला गेले. मामांना समजावलं — शेत जागेवरच आहे, पहाणी (तुमच्याकडचा सातबारा) फाटलीय. कोणाचं शेत कुठून कुठवर, तो कागदच नाही. मामांना लगेच कळलं. "मंग नक्कल काढ," म्हणाले. नक्कल मशीनच्या तिसऱ्या, सिस्टिमच्या डिस्कवर असते आणि ती भंगारात गेलेली. मूळ डिस्कना हात न लावता आधी त्यांच्या प्रती काढल्या. दीड दिवस त्यातच गेला. वीज जायची, यायची, मामा चहा आणायचे, आणि मला मनातून वाटत होतं की काही निघणार नाही, उगाच म्हाताऱ्याला आशेला लावलं.

एक आशा मात्र होती. मेटाडेटा बदलला तरी जुना मजकूर लगेच पुसला जात नाही, मागेपुढे पडून राहतो. प्रत्येकावर अनुक्रमांक, वेळ आणि कोणत्या कमांडनं बदल झाला ते. तो कच्चा मजकूर मी ओळीनं वाचायला घेतला. दहापर्यंतचे सगळे बिनकामाचे, दुसरी डिस्क पुरती जोडण्याआधीचे. अकरावा माझ्या हातचा, तोच शेवटचा असायला हवा होता, तो अर्धा कचऱ्याखाली गेलेला. मग बारावा दिसला. अख्खा, एक अक्षर न हललेला.

कमांड नाव बदलायची होती. ‘ह्यायचं’चं ‘जनार्दन’.

वेळ पाहिली. मामी गेल्यानंतरची संक्रांत, दुपार.

मी उठून तोंडावर पाणी मारून आले. घड्याळ चुकलं असेल? बॅटरी गेली की घड्याळ मागं जातं, पुढं नाही. आणि मुळात मशीन भंगारात, डिस्क कपाटात. मामांना तसली ओळ टाइप करता येत नाही. मग मी विचार करणं सोडलं आणि बारावा मजकूर प्रतींवर परत लिहिला. व्हॉल्यूम पहिल्या झटक्यात उघडला. क्लिप लावली.

"हॅलो, हॅलो... अवो, आयकू येऊन राह्यलं का?"

मामा "हो" म्हणाले. चारही मिनिटं ते तिला उत्तरं देत होते. मला रडू आवरलं नाही.

नंतर डोळे पुसून त्यांनी विचारलं, कोणत्या नावानं निघालं? मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. एकेका इंग्रजी अक्षरावर बोट ठेवत त्यांनी वाचलं. वाचून झाल्यावर बोट तिथंच राहिलं.

"नाव घेतलं तिनं?"

मी तारीख सांगितली नाही. आजवर सांगितलेली नाही. इथं लिहितेय, कारण मामा या ग्रुपवर नाहीत आणि मला एकटीला हे पेलत नाही. माझ्या धंद्यातल्या दोघांना तो मजकूर दाखवला, दोघांनी खांदे उडवले. आपोआप काही होत नाही, हे मी अजूनही गिऱ्हाइकांना सांगते. बटण कोणीतरी दाबलेलंच असतं.