सत्तेचाळिसावं बेट

वणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, कॉलेजचे प्रवेश असे सगळे अर्ज तिथे भरले जातात. लोकांचे अर्ज भरता भरता मी बारा वर्षं स्वतःचेही सरकारी भरतीचे अर्ज भरत आले होते. शेवटची परीक्षा त्या फेब्रुवारीत दिली. त्यानंतर वयाची मर्यादा संपत होती. म्हणजे निकाल लागला की एक तर नोकरी, नाहीतर तो विषयच बंद. पण निकाल लागत नव्हता. गिऱ्हाईक उठून गेलं की मी निकालाचं पान उघडायची. तिथे जुनीच सूचना असायची. पान बंद करायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडायची. जूनपासून माझं हेच चाललं होतं.

खेळांकडे मी वळले ती हाताला दुसरा चाळा हवा म्हणून. जगभरातली एकटीदुकटी माणसं आपण बनवलेले छोटे गेम जिथे आणून ठेवतात, अशी एक वेबसाइट मला सापडली. त्यात पळापळ आणि मारामारीचेही खेळ होते, पण मी कोडी आणि डावपेच एवढंच बघायची. ज्या खेळाखाली सगळ्यात कमी लोकांनी काही लिहिलंय तो आधी उघडायचा, असा मी नियमच केला होता. कुणी न पाहिलेली वस्तू आपल्याला मिळाली, एवढ्यानेच जरा बरं वाटायचं.

मग मी वही केली. खेळांची इंग्रजी नावं लांबलचक असायची, म्हणून मी माझीच नावं दिली. मुंग्यांचा खेळ म्हणजे पाऊस यायच्या आत वारुळात दाणे भरायचे. त्यात चुकलं तर मागे येता येत नाही. बर्फातल्या टपालाचा खेळ म्हणजे गावागावांत पत्रं पोचवायची; त्यात तीनदा मागे येता येतं, पण बर्फ कुठे पडेल ते नशिबावर. दिव्यांचा एक होता, तो इतक्या लवकर अवघड व्हायचा की बनवणाऱ्याला कुणी खेळावं असं वाटत होतं की नाही, हीच शंका यायची. वहीत मी रकाने आखले होते: नशिबाचा भाग किती, चूक सुधारता येते का, हरल्यावर खेळ काय म्हणतो. शेवटी दहापैकी मार्क. पोळ्यापर्यंत वहीत एकेचाळीस खेळ झाले. प्रत्येकाला मी वीसेक मिनिटं दिली असतील. एकविसाव्या मिनिटाला माझा हात आपोआप पुढच्याकडे जायचा.

माझ्या शेजारी मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. ते चालवणारे चाचा साठीच्या पुढचे. जळालेल्या पंपाच्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरायची, हे काम ते चाळीस वर्षं करत होते. पावसाळ्यात शेतातले पंप बंद असतात, त्यामुळे त्यांच्याकडे काम कमी. त्यात दुपारी लाइन गेली की ते माझ्याकडे येऊन बसायचे, कारण माझ्याकडे इन्व्हर्टर होता. एका दुपारी मी कडेच्या लॅपटॉपवर पुलांचा खेळ उघडला होता. समुद्रात बेटं, प्रत्येक बेटावर थोड्या फळ्या, त्यांचे पूल बांधून एका म्हातारीला पलीकडे न्यायचं. सगळ्या खेळात एकही अक्षर नव्हतं.

"हे काय करून राह्यली?" चाचांनी विचारलं.

मी सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सरक जरा."

ते पहिल्या बेटावर अर्धा तास बसले. मी ते दोन मिनिटांत सोडवलं होतं. पण त्यांनी पूल बांधला तेव्हा त्यांच्याकडे एक फळी उरली, माझ्याकडे नव्हती उरली. दुसऱ्या दिवशी लाइन गेल्यावर ते आले आणि कुणी बोलावल्यासारखे थेट लॅपटॉपसमोर बसले. नंतर तो नेमच झाला. रोज एक बेट, कधी दोन दिवसांत एक. सोडवलेल्या प्रत्येक बेटाचं छोटं चित्र खाली पट्टीत जमा होत जायचं. घरी जाण्याआधी ते ती पट्टी एकदा पहिल्यापासून बघायचे.

"तुह्या वहीत इतके खेळ हायेत," ते एकदा म्हणाले. "पुरा कोणता झाला?"

"मी तुलना करते चाचा. पुरा करायला वेळ कुठे आहे."

"वेळ तं हायेच तुह्याजवळ. कुठं जाऊन राह्यली?"

मला राग आला. वही मिटून ठेवली.

पोळा झाला आणि तीन दिवसांनी निकालाच्या पानावर नवी सूचना आली: निकाल पुढे ढकलण्यात आला आहे. खाली कारण नाही, तारीख नाही. मी ती चारदा वाचली. दुकानात तीन माणसं रांगेत होती, कॉम्प्युटर संथ चालत होता, लॅपटॉप तर अडकूनच बसला होता. मला वाटलं, हा सगळा कचरा मीच भरून ठेवलाय. लॅपटॉपवर उतरवलेल्या खेळांचं अख्खं फोल्डर मी निवडलं आणि कायमचं पुसून टाकलं. पुसताना छान वाटलं, तेही खरं. चाचांची बेटं त्यात होती, हे पाणी प्यायला उठले तेव्हा आठवलं.

बरंच शोधलं. काही परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाइन गेली आणि चाचा आले. मी म्हणाले, "लॅपटॉप बिघडलाय. दुरुस्तीला दिला."

"कधी येते?"

"चार-पाच दिवस."

ते पाचही दिवस रोज येऊन विचारून गेले. मी रोज काहीतरी सांगितलं. लॅपटॉप घरी होता आणि सकाळी उठल्यापासून दुकान उघडेपर्यंत मी बेटं सोडवत होते. खेळ पुन्हा उतरवला होता, पण तो रिकामा होता. आदल्या आठवड्यात चाचा म्हणाले होते, "सत्तेचाळीसवर हावो." तेवढी बेटं भरून द्यायची, असं मी ठरवलं. त्यांच्यासारखी एक फळी शिल्लक ठेवायचा प्रयत्न केला. पहिली पंधरा जमली. मग काटकसर सुटली आणि मी फक्त पलीकडे पोचत गेले. सत्तेचाळिसावं फार अवघड होतं, त्याला दोन सकाळी गेल्या. सुटलं तेव्हा आनंद झाला नाही, आता उरकलं इतकंच वाटलं.

सहाव्या दिवशी लॅपटॉप दुकानात आणून ठेवला. चाचा बसले. नेहमीप्रमाणे पट्टी पहिल्यापासून बघायला लागले. बघता बघता त्यांचा वेग कमी झाला. शेवटच्या चित्रावर ते थांबले.

"हे कोणी केलं?"

"तुम्हीच ना चाचा."

"सत्तेचाळीस मी केलंच नव्हतं, बेटा."

त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला पुठ्ठा काढला. वार्निशच्या खोक्याचा तुकडा होता तो. त्यावर पेन्सिलीने तेच बेट काढलेलं, खोडलेलं, पुन्हा काढलेलं. "अकरा दिवस झाले होते याच्यावर," ते म्हणाले. "आता दिसलं मले कसं होते ते."

मग मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पुठ्ठ्याची घडी घालत होते.

"मिटलं तं मिटलं. मशिनीत होते असं. पण पाच दिवस मी तुले विचारून राह्यलो, अन् तू मले दुरुस्तीले गेलं म्हणून सांगते. खोटं कायले बोलली?"

लाइन आली नव्हती तरी ते उठून आपल्या अंधाऱ्या दुकानात जाऊन बसले. त्यानंतर दोन आठवडे ते आले नाहीत. गल्लीत समोरासमोर आलो तर मान हलवायचे, तेवढंच. दुपारी लाइन गेली की मी दाराकडे बघायची, मग निकालाच्या पानाकडे, मग परत दाराकडे. अर्जांत चुका व्हायला लागल्या. एका मुलीच्या फॉर्मवर मी तिच्या भावाची जन्मतारीख टाकली. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, ही तारीख माझी नाही."

शेवटी मी खेळ बनवणाऱ्याला लिहिलं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलं की आमच्या गावात मोटारी भरणारे एक गृहस्थ आहेत, माझ्यामुळे त्यांना सत्तेचाळिसाव्या बेटाचं उत्तर दिसून गेलं. त्या बेटाला दुसरं काही उत्तर आहे का? चार दिवसांनी उत्तर आलं. आणखी दोन उत्तरं आहेत, तो म्हणाला. शिवाय चार फळ्या कमी लागतील असंही एक असावं असा त्याला फार दिवसांचा संशय आहे, पण त्याला स्वतःला ते अजून सापडलेलं नाही. खाली विचारलं होतं, मोटारी भरतात म्हणजे नक्की काय करतात?

मी ते छापून शेजारी घेऊन गेले. चाचा एका मोटारीच्या खाचांतून जळकी तार ओढून काढत होते. मी मराठीत सांगत गेले. त्यांनी पकड खाली ठेवली नाही.

"चार फळ्या कमी?"

"त्याला तसं वाटतं. सापडलं नाही म्हणतो."

"बनवणाऱ्यालेच नाही सापडलं?"

"नाही."

मी कागद त्यांच्याजवळ ठेवला. "चाचा, मी चुकले," मी म्हणाले. "खोटं बोलायला नको होतं."

"व्हय. नको होतं." मग तारेचा पुढचा तुकडा ओढून काढत, "तू भरलेले सगळे काढून टाक. मी पहिल्यापासून करतो."

ते पुन्हा येऊ लागले. आता ते लॅपटॉपवर बसायचे आणि मी कॉम्प्युटरवर, गिऱ्हाईक नसलं की टपालाचा खेळ उघडून. हा एक शेवटपर्यंत खेळायचा असं ठरवलं होतं. एकविसाव्या मिनिटाला हात शिवशिवायचा. दोनदा मी मधेच दुसरा खेळ उघडला आणि चाचांनी मान न वळवता "कोणता हाये आता?" असं विचारल्यावर बंद केला. वीस मिनिटांत मी त्या खेळाला पाच मार्क दिले होते, बर्फ नशिबावर म्हणून. तिसऱ्या गावात कळलं की बर्फ नशिबावर नव्हताच. आदल्या दिवशी ज्या वाटेने जास्त पत्रं जातात, तीच वाट दुसऱ्या दिवशी बंद व्हायची. वहीत मी चूक लिहिलं होतं. मग बाकीच्या चाळिसांबद्दल काय काय चूक लिहिलं असेल, या विचाराने मी त्या दिवशी वही उघडली नाही.

निकाल दसऱ्याच्या आधी लागला, दुपारी, चाचा समोर असताना. यादी मी तीनदा वर-खाली केली. माझं नाव नव्हतं.

"चाचा, निकाल लागला. नाही झालं."

त्यांनी माऊस सोडला. "दुसरी परीक्षा?"

"आता नाही बसता येत. वय संपलं."

"मंग आता?"

"माहीत नाही."

ते काही समजावायला लागले नाहीत, याचं मला बरं वाटलं. "मी बसतो इथं, कोणी आलं तं थांबवतो. जाऊन ये कुठं," म्हणाले. मी गल्ली ओलांडून चंद्रपूरच्या रस्त्यापर्यंत गेले. कोळशाचे ट्रक एकामागोमाग जात होते. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नुसते पाय थांबत नव्हते. रस्त्याच्या कडेने बरीच पुढे गेले, धुळीने ओढणी काळी झाली तेव्हा परत फिरले. चाचा दोन गिऱ्हाइकांना बाकावर बसवून माझी वाट बघत होते.

दिवाळीनंतर शेतातले पंप सुरू झाले आणि चाचांच्या दारात मोटारींची रांग लागली. तरी ते आठवड्यातून एकदा येतात. सत्तेचाळिसाव्या बेटावर त्यांनी दोन फळ्या वाचवल्या आहेत. बनवणाऱ्याला मी ते चित्र पाठवलं, त्याचं खूप आनंदाचं पत्र आलं. चाचांना त्याचं काही विशेष नाही. "अजून दोन राह्यल्या," म्हणतात.

टपालाचा खेळ मी एका सकाळी पुरा केला. शेवटचं पत्र पोचलं, पडद्यावर खेळ बनवणाऱ्या चारपाच माणसांची नावं वर सरकत गेली आणि संपलं. मग शेजारी जाऊन सांगितलं.

चाचांच्या दातांत तारेची वेटोळी बांधायचा धागा होता. तो काढून त्यांनी विचारलं, "आता कोणता?"

मी ठरवलेलं नव्हतं. दुकानात परत आले, तर दाखल्यासाठी आलेली एक बाई कागद हातात घेऊन उभी होती.