मास्तरचा आळस

…तर पोस्टमनचं मागचं चाक पाववाल्याच्या सायकलला बसलं आणि पाववाला तसाच टांग मारून निघून गेला, तिथवर आपण काल आलो होतो. तुम्ही हसलात आणि जेवायला उठलात. पण खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे, आणि ती कळायची तर थोडं मागंही जायला हवं. माझं हे असंच. पुढं निघालो की आधी दोन पावलं मागं.

दुकान माझ्या भाच्यांचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, दोन मुलांचं. छताला आकड्यांवर रिमा टांगलेल्या, भिंतीशी टायर, दाराजवळ पाण्यानं भरलेलं घमेलं आणि मला बसायला एक बाक. मागंच घर. दुकान चालवतो धाकटा. थोरला घमेल्यापाशी स्टूल टाकून पंक्चरं काढतो. त्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेत गणितात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, बाकीच्या पोरांच्या वह्या हाच तपासून द्यायचा, तेव्हा पडलेलं हे नाव. पुढं ऐन विशीत त्याला आवाज ऐकू यायला लागले. समोर कोणी नसताना तो उत्तरं द्यायचा, भांडायचासुद्धा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी जोडाक्षरं चांगली घोटून घेतली होती, तरी ते नाव जिभेवर बसायला मला बराच काळ लागला. औषधं सुरू झाली, वर्षं गेली, आवाज थांबले.

आवाज थांबले म्हणजे आजार गेला, असा घरच्यांचा समज. आणि आजार गेला तर माणूस पहिल्यासारखा व्हायला हवा. मास्तर काही पहिल्यासारखा होईना. साबण, काड्यापेटी आणि सुतळी आणायला पाठवावं, तर साबण घेऊन परत यायचा. वरच्या खोलीतून कात्री आणायला गेला की वरच राहायचा. जाऊन बघावं तर खोलीच्या मधोमध उभा. काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की तोवर विचारणारा आपल्या कामाला लागलेला असायचा.

यावर घरात प्रत्येकाचं मत ठरलेलं. अक्का म्हणायची, गोळ्यांची गुंगी आहे. धाकटा म्हणायचा, शुद्ध आळस. आणि धाकट्याची बायको, ती घरात सगळ्यांत चौकस, ती म्हणायची सोंग.

"मामा, तुम्ही दिवसभर बाकावर असता, तुम्हीच सांगा," ती मला म्हणायची. "पंक्चर काढताना कधी चुकलेत का भाऊजी? तिथं सगळं बरोबर आठवतं, आणि घरी साबणाच्या पुढं गाडी जात नाही. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच."

मी म्हणायचो, "अगं, सोंगालाही अक्कल लागते."

"आहेच की अक्कल. गणितात पहिले यायचे."

वकिलीण व्हायची ती, चुकून आमच्या घरात आली.

अशात धाकट्याची कंबर धरली. कूस बदलता येईना. पडल्या पडल्या त्यानं ठरवलं, मास्तर धडधाकट आहे, आवाजबिवाज काही नाहीत, चालवू दे त्याला दुकान. ब्रेकच्या रबरांपासून गल्ल्याच्या किल्लीपर्यंत सगळ्या सूचना त्यानं एका दमात दिल्या. मास्तरनं मान हलवली. धाकट्याला वाटलं, समजलं.

सकाळी पोस्टमन आला. त्याचं मागचं चाक डगमगत होतं. मास्तरनं चाक उतरवलं आणि तारा आवळायला घेतल्या, तोच पाववाला आला, "माझी चेन सारखी उतरते, आधी तेवढं बघ." मास्तरनं त्याचंही चाक सोडवलं. मग शाळेतल्या बाई आल्या. त्यांना सीट खाली घ्यायची होती, घंटी बसवायची होती आणि घाईही होती. पोस्टमन म्हणे माझं आधी, पाववाला म्हणे माझं चिल्लर काम, बाई काही म्हणेनात पण घड्याळ बघत राहिल्या. मी बाकावरून जमेल तसं सांगत होतो, त्यानं गोंधळात भरच पडली असणार. दुपारपर्यंत सगळ्या सायकली उघड्या, एकही मिटलेली नाही, आणि मास्तर मधोमध पाना हातात धरून उभा. शेवटी पाववाल्यानं ओरडून ओरडून सायकल जोडून घेतली आणि सुटला. चाक त्याचं नव्हतं हे नंतर कळलं. पोस्टमननं मागं उरलेलं पाववाल्याचं चाक घ्यायला नकार दिला, त्या दिवशी पायीच टपाल वाटलं, आणि दर दारात टपालाबरोबर ही हकीकतही दिली.

संध्याकाळी धाकटा कंबर धरून दुकानात आला. सगळं बघून घेतलं.

"उद्यापासून तू घरी बस," तो म्हणाला. "मी दुसरा माणूस बघतो. पंक्चरंसुद्धा तोच काढील."

पण दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधीच मास्तर स्टूल घेऊन दाराशी बसला होता. धाकट्यानं उठ म्हटलं, तरी उठला नाही. त्याला इतका हट्टी मी तेव्हाच पाहिला.

त्याच दिवशी दवाखान्यातली सिस्टर त्याचं महिन्याचं इंजेक्शन द्यायला आली. इंजेक्शन झालं, तशी धाकट्याच्या बायकोनं, मास्तरच्या भावजयीनं, विचारलं, "सिस्टर, आळसावर काही इंजेक्शन मिळतं का हो?"

"मिळत असतं तर आधी मी घेतलं असतं," सिस्टर म्हणाली. मग तिनं सगळं ऐकून घेतलं, चाकांचंही. "हे बघा, औषधानं आवाज थांबले. पण मनात चार गोष्टी धरून ठेवणं, एकामागून एक लावणं, पटकन उत्तर देणं, हे या आजारात बिघडतं, आणि औषधानं ते फारसं सुधारत नाही. तो आळस नाही. आजारच आहे."

"म्हणजे विसरणंही आजार. उद्या भाजी नको म्हणाले तर तोही आजारच म्हणायचा."

"भाजीचं मला माहीत नाही, ती कोण करतं त्यावर असतं."

धाकटा फस्सकन हसला आणि कंबर धरून बसला. भावजय मात्र मुद्दा सोडेना. "मग पंक्चर कसं जमतं?"

"त्यात लक्षात काय ठेवायचंय? ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा समोर दिसतो. तिथंच खूण, तिथंच ठिगळ. साबण आणि सुतळीचे बुडबुडे येतात का कुठं?"

भावजय घमेल्याकडे बघत राहिली. तेवढ्यात अक्कानं घाईघाईनं विचारलं, "पण गुंगी गोळ्यांचीच ना?"

"थोडी असेल, डॉक्टरांना सांगू. अक्का, तुम्ही मनानं कमी करत नाही ना?"

"छे छे," अक्का म्हणाली आणि उगाच पदर नीट करू लागली.

धाकटा मास्तरकडं बघत होता. मग म्हणाला, "मला गणित यानंच शिकवलं. तो कुठं गेला मग?"

सिस्टरनं पिशवी आवरली. "ते मी नाही सांगू शकत. त्यांना काय होतं, हे कधी त्यांनाच विचारलंत का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. धाकटा उठला, भिंतीचा आधार घेत घमेल्यापाशी गेला. मास्तर ट्यूब पाण्यात फिरवत होता.

"दादा," धाकटा म्हणाला, "तुला नेमकं काय जमत नाही ते सांग, दुकानात यायचंय की नाही ते सांग, आणि ते पोस्टमनचं चाक पाववाल्याकडं गेलं कसं तेही आठवून बघ."

मास्तरनं ट्यूब एकदा पूर्ण फिरवली. पुन्हा फिरवली. वेळ गेला. भावजय काहीतरी बोलायला निघाली, तिला सिस्टरनं हातानंच थांबवलं. मग मास्तर मान वर न करता म्हणाला,

"एकच विचार. दुकानात यायचंय का, ते विचार. यायचंय. बाकीचं काय होतं ते पुन्हा विचार, सांगतो."