गाण्याने नाचाकडे ढकललं, नाचाने नाटकाकडे

चार माणसं जमली, चहा आला, की कुणीतरी विचारतंच, "वसू, तू नाटकात कशी गं आलीस?" लोकांना वाटतं, लहानपणापासूनची साधना वगैरे. साधना कसली! नव्वदच्या दशकात बेंगळुरूतल्या प्रत्येक गुरूने मला अतिशय प्रेमाने पुढच्याकडे ढकललं. त्या ढकलाढकलीचे किस्से इतके साठलेत, की अधूनमधून सांगून टाकावेच लागतात.

* * *

सुरुवात गाण्यापासून. मल्लेश्वरममध्ये आमच्या मागच्या गल्लीत गाणं शिकवणाऱ्या एक अक्का राहायच्या. मूळच्या धारवाडकडच्या, स्वभावाने गरीब. मी गायचे, त्या सहन करायच्या.

एकदा मी तान घेतली आणि अक्कांनी डोळे मिटले. मला वाटलं, समाधी लागली!

डोळे उघडून म्हणाल्या, "वसू, स्वल्प थांब. तू कधी नाचाचा विचार केलायस का?"

* * *

केला. भरतनाट्यमचे सर कडक शिस्तीचे. सगळ्या मुली डावीकडे गेल्या की मी हमखास उजवीकडे. सरांनी मला पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत, तिथून भिंतीशी आणि भिंतीपासून दारापर्यंत नेलं. प्रगतीच म्हणायची!

दारात म्हणाले, "तुझा चेहरा फार बोलका आहे. पायांना मात्र बोलायला लावू नकोस. नाटकात जा."

* * *

हौशी मराठी नाटकवाल्यांचे दिग्दर्शक अण्णा. दिवसा बँकेत, संध्याकाळी रंगभूमीच्या सेवेत. मला बघताच म्हणाले, "बेस्ट! या नाटकात तुझ्याशिवाय पडदा हलणार नाही!"

आईने बिल्डिंगभर पेढे वाटले.

तालमीला गेले, तर अण्णांनी माझ्या हातात पडद्याची दोरी दिली.

प्रयोगाला आई पहिल्या रांगेत. पडदा उघडला आणि भरल्या हॉलमध्ये ती एकटीच टाळ्या वाजवत होती!

* * *

पुढच्या नाटकात मोलकरणीचा रोल मिळाला. हिरो समीर. नुकताच पुण्याहून आलेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत कंप्युटरवाला. माझ्या बोलण्यात 'बरं'च्या जागी आलेलं प्रत्येक कानडी 'सरी' खड्यासारखं वेचायचा. "पुण्यात असं नाही म्हणत हं."

प्रयोगात हे शुद्ध मराठी ऐन भांडणात पूर्णपणे आटलं. समीर गप्प, हिरॉईन गप्प. शेवटी मोलकरीणच पुढे झाली.

"साहेब, तुम्ही बाईसाहेबांना घर सोडून जा म्हणणार होतात ना?"

"हो."

"आणि का, तर तुमचं आता दुसरीवर प्रेम बसलंय?"

"हो."

नंतर एक काकू भारावून समीरला म्हणाल्या, "काय संयत अभिनय! एक शब्द उगाच नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तू मात्र जरा जास्तच बोलतेस!"

* * *

हिरॉईनचं लग्न ठरलं म्हणून पुढे मी हिरॉईन झाले. कला वगैरे नंतर! होसकोटेच्या एका कारखान्यात कामगारांसाठी दुपारचा प्रयोग होता. बाबांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "हे शेवटचं. सोमवारपासून टायपिंगचा क्लास." ते नाटक बघायला नाही, मला घरी न्यायला आले होते. शेवटच्या रांगेत बसून पेपर उघडला. आयुष्यात पहिल्यांदा मला मोठा रोल आणि घरचा प्रेक्षक तोंडासमोर पेपर धरून! म्हटलं, मरायचंच आहे, तर नीट मरू.

मी समीरच्या मांडीवर डोकं ठेवून शेवटचे श्वास घ्यायला लागले आणि कारखान्याचा भोंगा वाजला. शिफ्टची वेळ! अख्खा हॉल उठला. खुर्च्या सरकल्या, चपला वाजल्या, पाच मिनिटांत सगळं रिकामं.

विंगेतून अण्णा कुजबुजले, "थांबू नका! एकजण आहे अजून!"

मी मान कलती करून पाहिलं. बाबा. पेपर खाली पडलेला.

मी जीव ओतून मेले. डोळे मिटले. आता समीरने हंबरडा फोडायचा. पण तो रिकाम्या खुर्च्यांकडेच बघत राहिला.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून बाबांचा फाटलेला आवाज आला, "अरे गाढवा, बघतोस काय? रड की! मेलीय ती!"