रणजितच्या लोळण्या आणि गोमाचा हात

मिठागरात भरतीचं पाणी घेऊन ठेवलं की मीठ आपोआप धरतं. किश्श्यांचंही तसंच! मी रोह्याजवळच्या एका कंपनीत टाइम ऑफिसात कारकून होतो आणि जोडीला स्पोर्ट्स क्लबचा सेक्रेटरी. स्वतः आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलो नाही आणि त्यातही पॉकेटात जायचा तो स्ट्रायकरच. म्हणून तर मला सेक्रेटरी केला! पण खेळाडू मात्र एकेक असे पाहिले की आता पेणच्या नाक्यावर आम्ही रिटायर्ड मंडळी चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "आप्पा, तो रणजितचा काढा." एक काढला की मागून दहा येतात.

सगळे खेळाडू वागायला सारखेच असतात असं मला वाटायचं. कंपनीने फुटबॉलची टीम काढली आणि माझा गैरसमज एका दुपारीच दूर झाला.

*

रणजित कोल्हापूरचा. मुंबईच्या एका क्लबकडून पैसे घेऊन खेळलेला, म्हणजे चक्क प्रोफेशनल! हा शब्द तो दिवसातून दहा वेळा उच्चारायचा. कँटीनचा चहा जरा अगोड लागला तरी, "प्रोफेशनल माणसाला असला च्या चालत न्हाई!" कंपनीने त्याला वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतला होता.

पहिल्याच सामन्यात समोरच्याने त्याला नुसता खांदा लावला. झालं! रणजित घोटा धरून कोसळला आणि हिरवळीवर मोजून पाच लोळण्या. बघायला आलेल्या बायका "अगो बाय!" करू लागल्या. मी फर्स्ट एडची पेटी घेऊन निघालो, तर शेजारी उभ्या असलेल्या गोमाने माझा हात धरला.

गोमा म्हात्रे म्हणजे आमच्या कबड्डी संघाचा कॅप्टन. गडबच्या खाडीकडचा, लहानपणी मिठागरात राबलेला. एकदा नाकाचं हाड मोडलं तर रुमाल बांधून पुढच्या चढाईला गेलेला गडी! तो शांतपणे म्हणाला, "पेटी ठेवा, आप्पा. तेचा एक डोला उघडा हाय."

"मग उठणार कधी तो?"

"पंच बघायचा थांबला का!"

पंचाने पाठ फिरवली. रणजित उठला आणि हरणासारखा पळत सुटला.

*

एकदा रणजितला घेऊन मी गडबला कबड्डीचे सामने बघायला गेलो. मैदानाभोवती मुंगी शिरायला जागा नाही. आमचा संघ आणि समोरचा संघ बरोबरीत, शेवटचं मिनिट! समोरचा गडी चढाईला आला, इकडेतिकडे पाय फेकून परत गेला. कोणाला काही लागलं नाही. पंचानेही 'नाही' म्हणून मान हलवली.

तेवढ्यात गोमाने हात वर केला आणि सरळ मैदानाबाहेर जाऊन बसला! त्या गड्याचा अंगठा म्हणे याच्या गुडघ्याला लागला होता. लागला हे त्या गड्यालासुद्धा माहीत नव्हतं. एका गुणाने आम्ही हरलो.

"पंचानं बघितलं न्हाई, त्या गड्याला कळलं न्हाई, आणि हा आपणहून निघाला!" रणजित डोक्याला हात लावून बसला. सामना संपल्यावर त्याने गोमाला गाठलंच. "येड लागलंय काय तुला?"

"पंचाला नाय दिसला, पन मना लागला ना!" गोमा म्हणाला. "बाद झाला तो भायेर बसल. आपल्यातल्या कुनी गुण मिलवला का जिवंत होऊन परत आत येल. तेच्यात काय हाय येवरा?"

आता कबड्डीवाले सगळे साधुसंत होते असं कोणी समजू नका. आमच्याच संघातल्या दोघांना पंचाच्या अंगावर जाताना मी स्वतः कमरेला मिठी मारून अडवलंय. पण गोमाचा हात वर गेला की ते दोघंही गप्प व्हायचे.

*

आमचा तिसरा नमुना म्हणजे बाळाराम. खांब गावचा. घरची भातशेती, कंपनीत पॅकिंगला, आणि धावायला वारा! हायवेवरच्या एका मोठ्या शर्यतीत पठ्ठ्या सगळ्यांच्या एवढा पुढे होता की मागचा दिसतसुद्धा नव्हता. मी आणि रणजित कंपनीच्या जीपमधून मागोमाग. खांब आलं. अख्खं गाव रस्त्यावर, ताशे वाजतायत, आणि सगळ्यांच्या पुढे बाळारामचे शाळेतले गुरुजी!

बाळाराम थांबला. वाकून पाया पडला. गुरुजींनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "काय रे, लावणी आटपली का?"

आणि हा उभा राहून सांगायला लागला! त्याची बायको गर्दीतून ओरडली, "अवो, पला ना! मागून आला तो!"

"थांब गो! गुरुजी बोलतायत!"

शेवटी बाळारामचा दुसरा नंबर आला. रणजितने जीपमधूनच कपाळ बडवून घेतलं. "तू प्रोफेशनल न्हाईस, बाळाराम!"

"नाय बा," बाळाराम घाम पुसत म्हणाला, "मी पॅकिंगमधी हाय."

*

आता रणजितचा शर्ट! पेणला सामना होता. समोर प्रमुख पाहुणे म्हणून आमचेच पर्सनल मॅनेजर कर्णिकसाहेब. पांढराशुभ्र सफारी, हातात नारळपाणी. रणजितने पस्तीस पावलांवरून असा गोल मारला की मी खुर्चीवर चढून नाचलो! तो मात्र धावत आला, अंगातला शर्ट काढला, डोक्यावर तीनदा गरगरवला आणि प्रेक्षकांत भिरकावला. चिखलाने आणि घामाने थबथबलेला शर्ट सरळ साहेबांच्या तोंडावर! नारळपाणी सफारीवर!

साहेबांनी शांतपणे शर्टाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. ओरडण्यापेक्षा ते जास्त भयंकर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावणं. टेबलावर रणजितच्या नावाची तीन तक्रारपत्रं. एकात पंचाला शिवी, दुसऱ्यात हॉटेलात भांडण, तिसऱ्यात प्रेक्षकांना दाखवलेली एक खूण, जी टाइप करणाऱ्याला लिहिता आली नव्हती. साहेब म्हणाले, "कबड्डीवाले हरून आले तरी गेटवरच्या वॉचमनला नमस्कार करून जातात. तुम्ही जिंकून येता आणि माझ्याकडे पत्रं येतात! रोह्याचा कप होईपर्यंत नीट वागलात तर परमनंटच्या कागदावर सही करीन. एक रेड कार्ड, एक तक्रार आली, तर कॉन्ट्रॅक्ट संपलं."

बाहेर आल्यावर रणजित जिन्यातच बसला. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. "आप्पा, माझा गुडघा अजून एक सीझन काढंल. मग प्रोफेशनलला कोण इचारतंय? परमनंट झालो तर क्वार्टर मिळंल, बायकू-पोरीला हितं आणता येईल. गेल्या खेपेला घरी गेलो तर पोरगी मला बघून रडाय लागली. वळखलंच न्हाई तिनं मला."

मी नुसता त्याच्या शेजारी बसून राहिलो.

*

संध्याकाळी रणजित स्वतःच गोमाकडे गेला. "मला वागायला शिकीव."

गोमा म्हणाला, "तुमी आमच्यासंगती खेला. आमी तुमच्यासंगती खेलू."

आणि ठरली मॅच! फुटबॉल टीम विरुद्ध कबड्डी टीम, खेळायचा फुटबॉल. अर्धी कंपनी शिफ्ट सुटल्यावर डबे घेऊन तिथेच थांबली. सुरुवातीलाच बॉलमागे धावताना गोमाचा पाय रेषेबाहेर पडला. त्याने हात वर केला आणि बाहेर जाऊन बसला! मी ओरडलो, "अरे गोमा, यात तसं नसतं!" पण वर्षानुवर्षांची सवय, ती काय ऐकते! थोड्या वेळाने रणजितचा हात एका कबड्डीवाल्याच्या पाठीला लागला, तो गडीही निघाला. हाफ टाइमपर्यंत कबड्डीचे चार गडी रेषेवर ओळीने बसलेले!

मग कसा कोण जाणे, कबड्डीवाल्यांचा एक गोल झाला. चौघं ताडकन उठले. "जिवंत! जिवंत!" करत मैदानात घुसले!

रणजित हसून हसून खाली पडला आणि लोळायला लागला. तेवढ्यापुरत्या त्या लोळण्या खऱ्या होत्या.

पण त्यानंतर पोरगा बदलला. पंचासमोर मान खाली, पडला की उठून उभा. दोन महिन्यांत एक पत्र आलं नाही. मीच घाबरून दर सोमवारी टपाल बघायचो!

*

रोह्याच्या कपाची फायनल! कर्णिकसाहेब पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी, आणि रेषेलगत जमिनीवर मांडी घालून गोमा. पहिल्या हाफमध्ये पंचाने एक थ्रो चुकीचा दिला आणि रणजितची जुनी जीभ सुटली. पिवळं कार्ड! आणखी एक मिळालं की लाल. गोमाने लांबूनच ओठांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या संघाने रणजितला तीनदा आडवा केला. तिन्ही वेळा तो हूं की चूं न करता उठला. शून्य-शून्य. शेवटची चार मिनिटं! आम्हाला कॉर्नर मिळाला. बॉल वरून आला, गोलसमोर दहा-बारा माणसं उडाली आणि बॉल जाळ्यात! पंचाची शिट्टी! गोल!

मी काय केलं सांगू? मी कर्णिकसाहेबांना मिठी मारली! साहेबांनीही मला मारली! आमची पोरं एकमेकांच्या अंगावर चढली. कप आला, रणजित परमनंट, क्वार्टर, बायको, पोरगी, सगळं त्या एका शिट्टीत आलं!

पण रणजित नाचत नव्हता. शर्ट अंगातच. तो आपल्या उजव्या मनगटाकडे बघत उभा होता. मग त्याने गोमाकडे पाहिलं. गोमा जागचा हलला नाही.

रणजितचा हात वर गेला.

"हाताला लागला," तो पंचाला म्हणाला. "बॉल माझ्या हाताला लागून आत गेलाय."

आमच्या फुटबॉलच्या कॅप्टनने त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप की! कुणी बघितलं नाय!"

रणजितने तो हात बाजूला केला. "मला लागला न्हवं!"

पंच वयस्क होते. आधी त्यांनी रणजितच्या पाठीवर थाप मारली. पण नियम तो नियम. गोल रद्द. हाताने गोल केला म्हणून पिवळं, आणि दुसरं पिवळं म्हणून लाल. रणजित हात वर ठेवूनच बाहेर चालत आला. गोमाने जरा सरकून त्याला बसायला जागा दिली. शेवटच्या मिनिटाला त्या लोकांनी गोल मारला. कप गेला.

मला रडू आलं. मी लपवलंसुद्धा नाही.

*

सोमवार. रणजित बॅग भरूनच आला आणि पर्सनल डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसला. आत मी उभा, शेजारी गोमा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता. साहेबांच्या हातात पंचाचा रिपोर्ट.

"रेड कार्ड आहे," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"मी काय सांगितलं होतं?"

साहेबांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचला, 'खेळाडूने स्वतः हात वर करून सांगितले' या ओळीवर बोट ठेवलं आणि चष्मा काढला.

"म्हात्रे, तुमच्या खेळात बाद झालेला गडी परत आत कधी येतो?"

"आपल्यातल्या कुनी गुण मिलवला का, साहेब."

साहेबांनी ड्रॉवर उघडला, परमनंटचा कागद काढला आणि सही केली. "मग हा आपला गुणच आहे. सांगा त्याला."

गोमाने दार उघडलं आणि मैदानावरच्या आवाजात आरोळी ठोकली, "जिवंत!"

अख्ख्या पर्सनलच्या माना वर झाल्या. रणजितने आमच्याकडे पाहिलं, साहेबांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि तिथेच फरशीवर कोसळला. मोजून पाच लोळण्या!

"ऊठ रं," गोमा म्हणाला, "हितं पंच नाय."

रणजित उठेना. गोमाने खाली वाकून त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि माझ्याकडे वळला.

"आप्पा, पेटी आना. या वेलेला दोनी डोले मिटलेत."