देवाजवळची चुगली

आमच्या बायबलबाई कुणाच्याही घरात शिरल्या की पाणी मागायच्या आधी कबुली द्यायच्या. "अगं बाई, काय हा झकास ओटा! मला हेवा वाटला गं. आता पाणी दे." घरची बाई आधी गोंधळायची, मग हसायची आणि पाण्यापाठोपाठ चहाही टाकायची. घरोघर जाऊन शास्त्र वाचायचं, आजाऱ्यापाशी बसून प्रार्थना करायची, हे बायबलबाईचं काम. त्या राहायच्या दौंडला, पण दर मंगळवारी चौफुल्याला एसटी बदलून शिरूरला यायच्या. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणायचो.

हेवा वाटण्याची त्यांना लाज नव्हती, तो लपवण्याची होती. "हेवा म्हंजी ढेकूण," त्या म्हणायच्या. "गादी उन्हात टाकली तर पळतो. झाकून ठिवली तर रगत पितो." आईबापांवेगळ्या मावशी केडगावच्या मिशनात वाढल्या होत्या. जेवायला पोरींच्या लांबच लांब पंगती. "तवाच कळलं मला, बटाट्याची मोठी फोड कायम शेजारणीच्या ताटात असती. एकदा मी हट्टानं ताट बदललं, तर मेली फोड उठून परत तिच्याकडंच गेली!"

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी शिरूरच्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका होते आणि माझी बालमैत्रीण रिबेकाही तिथंच तात्पुरती होती. दोघी एका डब्यात जेवायचो. मग एक जागा कायम झाली आणि ती रिबेकाला मिळाली. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी घरी येऊन मी आईला सांगितलं, "वशिला लागला असणार." दुसऱ्या दिवसापासून मी डबा वेगळा खाऊ लागले, तिच्याशी बोलणं टाकलं. एकटीला जेवण गोड लागत नव्हतं, पण ताठा कसला सोडते मी!

नोकरी लागली म्हणून रिबेकाच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली होती. न जाऊन सांगते कुणाला? गेले. मावशींनी नेमकी मलाच प्रार्थना चालवायला सांगितली. मी डोळे मिटले आणि सुटलेच. "हे प्रभू, तुझ्या या लेकीला नम्र ठेव. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून मिळालेलं अंगी लागत नाही, हे तिला कळू दे." सवयीनं सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. डोळे उघडले तेव्हा रिबेका खाली मान घालून सतरंजीचा दोरा उसवत होती.

मावशींना स्टँडवर पोचवायला मी निघाले. तिथं पोचताच त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पोरी, देवाला पत्र लिवलंस आन् पत्ता रिबेकाचा टाकलास. ही प्रार्थना न्हाई, चुगली हाय. त्यावर आमचं आमेनबी घेतलंस!"

मला भर स्टँडवर रडू फुटलं. "काय करू मावशी? जळतंय मला."

"म्हणलीस न्हवं? मग निम्मं काम झालं. आता रोज तिच्यासाठी माग. तुला जे पायजे तेच तिच्यासाठी माग."

"मनापासून नाही व्हायचं."

"मग दातओठ खात माग. देव दात बघत न्हाई. आन् काय मागायचं ते तिलाच जाऊन इचार."

आठ दिवस मी एरंडेल प्यावं तशी ती प्रार्थना केली. नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर रिबेकाच्या घरी गेले आणि दारातूनच विचारलं, "तुझ्यासाठी काय मागू?" ती घळाघळा रडायला लागली. कायम झाल्याबरोबर तिच्या गळ्यात सातवीचं गणित मारलं होतं. गणित तिला कधीच जमलं नव्हतं. "अपूर्णांक आले की पोरं हसतात गं. वाटतं, सोडून द्यावी नोकरी."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की सोडू दे! ती सोडेल, जागा मला मिळेल. मला काही करायचंही नव्हतं. नुसतं "बघ बाई, तुझी मर्जी" म्हणून उठायचं होतं.

मी उठले नाही. म्हणाले, "रिबेका, मला तुझा हेवा वाटतो. आत्ता, या घडीलाही वाटतोय. आणि त्या दिवशी मी जे बोलले ती प्रार्थना नव्हती."

रिबेकानं पदरानं नाक पुसलं. "माहितीय मला. सगळ्यांनाच कळलं होतं. आमच्या ह्यांनी आमेन म्हणता म्हणता तोंडात रुमाल कोंबला होता."

आधी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मीच फिस्सकन हसले. दोघी पोट धरधरून हसलो. छातीवर इतके दिवस बसलेली धोंड कुठं गेली कुणास ठाऊक. त्या संध्याकाळी भाकरीचे तुकडे करून मी तिला अपूर्णांक शिकवायला बसले आणि शिकवता शिकवता निम्मी भाकरी आम्ही खाऊनही टाकली. पुढे महिनाभर रोज जात होते.

मावशींना सांगितलं तर त्यांनी शाबासकीबिबासकी काही दिली नाही. म्हणाल्या, "रडणाऱ्याबरुबर रडायला कुणीबी जातं. पोरीचं चांगलं झालं की तिच्या दारात जाऊन हसशील, तवा मी मानंन." मी पुढे निमोण्याच्या शाळेत कायम झाले. पण हेवा एकदाच येऊन जात नाही. अधूनमधून डोकावतो, मी त्याला नावानं हाक मारते, तो जातो.

काही वर्षांनी रिबेका मुख्याध्यापिका झाली. मावशी तेव्हा दौंडला अंथरुणाला खिळल्या होत्या. बातमी कळली तशी मी मिळेल त्या एसटीनं त्यांच्याकडे धावले. कॉटवर बसत म्हणाले, "मावशी, आपली रिबेका हेडबाई झाली!" त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मीही बघू दिलं. मग त्यांनी मला हातानं ढकललं. "मग हितं काय करतीस? परतीची गाडी धर. तिच्या दारात जा आधी."

मी निघाले. त्याच आठवड्यात मावशी प्रभूकडे गेल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी मला दहा मिनिटंही बसू दिलं नाही, आणि त्याचं मला आजवर कधी वाईट वाटलेलं नाही.