पोस्टकार्डाचा कापलेला कोपरा

खालापूरच्या बाजूला जायचंय, काय बघू, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी तिथे दगड झालेलं एक झाड बघायला गेले होते. ते आता नाही. का नाही, हे सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं.

तेव्हा मी मुंबईतल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. जीवाश्म झालेल्या झाडांच्या एका प्रसिद्ध जागेवर टपालाचं तिकीट निघालं होतं. ते बघून खालापूर तालुक्यातल्या गायकवाड गुरुजींनी आमच्या विभागाला पोस्टकार्ड लिहिलं: अस्संच खोड आमच्या ओढ्यात आहे. गावचं टपालही शाळेतच होतं, तेच सांभाळायचे. कार्डावर छापील तिकीट असूनही त्यांनी हौसेने शेजारी ते नवं तिकीट चिकटवलं होतं. आमच्या विभागप्रमुखांना तिकिटांचा भारी नाद. त्यांनी खेड्याच्या शिक्क्यासकट कोपरा कापून घेतला आणि उरलेलं कार्ड गुरुवारी माझ्याकडे सरकवलं. मागच्या मजकुराची सुरुवात गेली होती. तिथे 'सा. न. वि. वि.' असणार, पत्र दुसरं कशाने सुरू होतं? मी सोयीचा रविवार बघितला आणि दहा दिवसांनी निघाले.

कर्जतला उतरून वडा-चहा घेतला. खोपोलीची एसटी तासाला एक, तीही तिच्या मर्जीने. कंडक्टरने सव्वा रुपया घेऊन फाट्यावर उतरवलं. पुढे अर्धा तास बांधांवरून पायपीट. भात कापून झालेलं, वाल नुकता उगवलेला. बूट घालून जा, ढेकळं फार टोचतात.

गुरुजी शाळेच्या ओट्यावर बसले होते. मी नाव सांगितलं. "आलात," एवढंच म्हणाले आणि मला ओढ्यावर घेऊन गेले.

तिथे खडीचे ढीग होते. रसायनीकडच्या कारखान्यांना जाणाऱ्या रस्त्यासाठी ठेकेदाराने सुरुंग लावला होता. एक बाई दगड फोडत बसली होती. मी एक तुकडा उचलला. त्यावर झाडाची वर्षं दाखवणारी वर्तुळं स्पष्ट होती. मी तो तिच्यापुढे धरला.

"आत समद्या गोल रेघा व्हत्या, बाई," ती म्हणाली. "लय कठीन. हातोडी उसळायची."

"मग कुणाला सांगितलं नाहीस?"

"मुकादमाला सांगितलं. तो म्हनला, रेघांचे येगळे पैसे नाय."

गुरुजींनी विचारलं, "कार्ड उशिरा पोचलं काय?"

मी पिशवीतून कार्ड काढलं. कोपरा गेलेल्या जागी त्यांनी बोट ठेवलं. "हितं लिवलं व्हतं. सोमवारी सुरुंग लावनार हायत, शनवारच्या आत या. पयलीच ओळ. तुमच्यासारखं कोनी शिकलेलं येऊन बोललं असतं, तर ठेकेदार थांबला असता. पोरांना सांगून ठिवलं व्हतं मी, आपल्या गावाचं पन तिकीट निघंल."

"मला वाटलं, वर सानविवि असेल."

"ते आमी नाय लिवत, ताई. आमी जयभीम लिवतो. घाईत तेबी शेवटी लिवलं."

ते खरंच शेवटी होतं, सहीच्या वर. मी ते वाचलं होतं.

गुरुजींच्या पत्नीने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं. इतकी चव असूनही मी अर्धी भाकरी तशीच ठेवली. त्या बिचाऱ्या पुन्हा पुन्हा वाढत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुख सरांच्या खोलीत घुसले आणि सगळं सांगितलं. "अरेरे," ते म्हणाले आणि अल्बम उघडून बसले. "पण शिक्का बघ, अक्षर न् अक्षर लागतंय!" मी त्यांना तोंडावर निर्लज्ज म्हटलं. नोकरी गेली असती तरी चाललं असतं. गेली नाही.

तुम्ही गेलात तर रस्ता छान आहे. त्याच झाडाची खडी तुमच्या गाडीखाली असेल.

घरी सगळ्यांना मी ही गोष्ट वर्षानुवर्षं सरांना शिव्या घालत सांगत आले. पण कार्ड माझ्याकडे गुरुवारी आलं होतं. कोपरा गेलेला मला दिसत होता, जयभीमही दिसत होतं. शनिवारला दोन दिवस होते.