जतच्या विहिरीवरचं तीर्थ

त्या सोमवारी सकाळी पूजा आटोपली, वळकटी घेतली आणि पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेकडे न वळता स्वारगेटला जाऊन साताऱ्याची एस.टी. धरली. निघताना बायकोनं विचारलं, "परत कधी?" म्हटलं, "काम मिळालं की."

वीस वर्षं मी सूक्ष्मदर्शकाखाली नारू पाहत आलो. नारू म्हणजे दोऱ्यासारखा जंत. विहिरीच्या पाण्यातल्या बारीक किड्यांतून तो पोटात जातो आणि वर्षभरानं पायाला फोड आणून बाहेर पडतो. माझी पीएच.डी. त्याच्यावरच. आता आमचा विभाग बंद होणार होता, आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरी प्रयोगशाळा घेत नाही. प्रयोगशाळेबाहेर आपल्यासारख्याला काय करता येतं, ते पाहायला हा प्रवास. कुणी याच वाटेनं निघणार असेल, तर सकाळच्या गाडीत उजवीकडची खिडकी धरा. डावीकडे ऊन थेट डोळ्यांत येतं.

खंबाटकीच्या घाटात गाडी तापली. ड्रायव्हर पाणी ओतेपर्यंत आम्ही झाडाखाली बसलो. साताऱ्यात स्टँडजवळच्या खानावळीत पिठलं-भाकरी स्वस्त आणि पोटभर मिळाली. तिथल्या एका कॉलेजात जीवशास्त्राची जागा होती. प्राचार्य वयानं माझ्याएवढेच. चहा पाजून म्हणाले, "अहो, इथं पहिल्या वर्षाच्या पोरांना बेडूक फाडायला शिकवायचं. तुम्ही रमणार नाही."

"रमेन."

"तिशीत आला असता तर हात धरून बसवलं असतं."

तिशीत मला असल्या कॉलेजांची कीव यायची, हे त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडमार्गे सांगली. स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत हळदीचा वास सोबत करतो. आधी गणपतीचं दर्शन घेतलं, घाटावर कृष्णेत पाय सोडून बसलो आणि मग औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो. त्याला कंपनीची औषधं दवाखान्यांतून खपवणारा माणूस हवा होता. मला खालीवर बघत तो म्हणाला, "शिक्षाण लय हाय तुमचं. गुडघं कसं हाईत?"

"बरे आहेत."

"माझी बी.एस्सी.ची पोरं दिवसभर सायकलवर असत्यात. डाक्टरांच्या दारात तासतास बसायचं, वर मॅनेजरच्या शिव्या खायच्या. आवं, तुमाला कोण शिव्या देणार? मलाच लाज वाटंल." मोठ्यानं हसला आणि वाटेसाठी भडंगाचा पुडा दिला. भडंग चांगलं होतं. मला मात्र हसू आलं नाही.

कामासाठी ठरवलेल्या गावांतलं आता जत राहिलं. मिरजेहून पुढे ऊस संपतो आणि मोकळं, तांबूस माळरान सुरू होतं. गाडीत निम्मी माणसं कानडी बोलत होती. एका मेंढपाळानं मला बसायला आपल्या घोंगड्याचं टोक पसरून दिलं. पाणी बरोबर न्या, वाटेत मिळत नाही. जतला आरोग्य खात्याचे माने भेटले. नारूबद्दल गावोगाव समजावून सांगायला त्यांना माणूस हवा होता. पगार माझ्या आताच्या पगाराच्या निम्मा. "आधी गाव बघा, मग हो-नाही सांगा," म्हणाले आणि जीपमधून जवळच्या एका गावात घेऊन गेले.

गावाला एकच विहीर, पायऱ्यांची. आत कोनाड्यात महादेवाची पिंड. आधी पाण्यात पाय धुवायचे, मग दर्शन, मग गुरव त्याच पाण्याचं तीर्थ देतो. एक म्हातारी बाई पायऱ्या उतरत होती. घोट्याजवळ हळूहळू ओढून काढण्यासाठी काडीला गुंडाळलेला नारू, वर चिंधी. सगळे तिला अव्वा म्हणत. तिनं तोच पाय पाण्यात घातला. त्या पाण्यात त्या क्षणी नारूच्या किती अळ्या सुटल्या, ते माझ्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुरवानं माझ्या ओंजळीत तीर्थ घातलं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. आजवर तीर्थ कधी नाकारलं नव्हतं. ओंजळ डोळ्यांना लावली, ओठांजवळ नेली आणि हळूच सदऱ्याच्या बाहीत जिरवली. शेजारी अव्वा घटाघटा प्याली.

वर आल्यावर ती म्हणाली, "तुमी प्याला न्हाई."

"नाही."

"का?"

मी पाण्यातला किडा, जंत, तिचा पाय, सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "मंजी तुमास्नी ठावं हुतं. आन मी पिताना गप उभं ऱ्हायला व्हय?"

आता दुहेरी धोतराच्या कापडातून पाणी गाळून प्यायचं आणि फोड आलेला पाय विहिरीत घालायचा नाही, एवढंच बोललो. गुरव उखडला. "द्येवाचं तीर्थ गाळायचं? उद्या द्येवालाच गाळशिला!" माणसं हसली.

अव्वा हसली नाही. "घरच्या घागरीला फडकं बांदीन," ती म्हणाली. "द्येवाचं मातर तुमी आन गुरव बगा. पर यायला लागंल तुमाला. एकदा सांगून ह्ये व्हत न्हाई."

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. माझे निबंध इंग्रजीत छापले गेले, परदेशातून त्यांचं कौतुक झालं. गाळायचं कापड हा उपाय माझ्या संशोधनाच्याही आधीचा. ते घेऊन या माळावर यायला पीएच.डी. लागत नव्हती, पण पीएच.डी. झालेला मी आलोही नव्हतो. वीस वर्षांत या गावात किती पाय सुजले असतील, याचा विचार करून देवापाशी बसवत नाही.

जतचं काम घेतो असं घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "विभाग बंद होईपर्यंत तरी थांबा." प्रयोगशाळेतले साहेबही तेच म्हणाले. सूक्ष्मदर्शकाचा मोह अजून आहे. त्या खोलीतली शांतता मला पुन्हा मिळणार नाही, याचं दुःखही आहे. तरी राजीनामा दिला आणि मान्यांना होकार कळवला. जतला खोली घेतली आहे, आणि काल त्या गावी गुरवाच्या पडवीत जाऊन बसलो. तो बोलला नाही. आज पुन्हा निघालो आहे.